करवंटीला ओ देणारा जिताडा

ही गोष्ट तुम्हाला पटणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पनवेलच्या एसटी स्टँडासमोर या टपरीवर मी जेवढ्या गोष्टी सांगितल्या, त्यातली ही एकच खरी. आणि नेमकी हीच कोणी खरी मानत नाही. अरे, मागच्या बाकावर तोंडाला रुमाल गुंडाळून तो डंपरवाला बसलाय, त्यालाही एक कटिंग द्या. धूळ खाऊन आलाय बिचारा.

हां, तर जिताडा. खाडीतला मोठा, मानाचा मासा.

आमच्या गावाकडे घरामागच्या तळ्यात जिताडा पाळतात. बोटाएवढं पिल्लू सोडायचं, वर्षानुवर्षं निवट्या-कोलंब्या असली बारीक मासळी घालून वाढवायचं, आणि चांगला थोराड झाला की कुणा मानाच्या माणसाकडे धाडायचा. आमच्या गावच्या काशिरामने मात्र आपला जिताडा कोणालाच दिला नाही. माणसासारखा लळा लागला होता. कपडे धुवायच्या दगडावर करवंटी ठोकली की तो तळातून वर यायचा आणि दगडावर हनुवटी टेकायचा. केवढा होता विचारता? या मितेशच्या रिक्षात मागे घातला असता तर शेपूट पुढे त्याच्या मांडीवर आलं असतं. एकदा कर्नाळ्याकडून आलेला बगळा त्याने उभाच्या उभा गिळला.

"काका, मागच्या खेपेला बदक होतं," मितेश रिक्षावाला म्हणाला.

बदक त्याच्या आदल्या साली. मध्ये बोलू नकोस.

काशिराम गेला. मग त्याचा पोरगा प्रितम करवंटी ठोकायला लागला. मासा त्यालाही ओ द्यायचा. बापाचं आता तेवढंच उरलं होतं. प्रितमने ती करवंटी दुसऱ्या एकाच माणसाच्या हातात दिली: त्याचा दोस्त कल्पेश. एका ताटात जेवणारी पोरं. कल्पेशने ठोकलं, मासा आला, आणि प्रितम आईला ओरडून म्हणाला, "आये, बघ, आपल्या कल्पेशला पन वलखतो!"

आता याच गावात हृतिक. जमीन विकून बापाने दारात काळी गाडी उभी केलेली. त्या गाडीत बसणारी चार पोरं म्हणजे गावचे राजे. कल्पेशला कधी बसवायचे, तर मागे, सामानाच्या जागेत. गटारीच्या दिवशी प्रितम आईला घेऊन उरणला मामाकडे गेला होता. हृतिक कल्पेशला म्हणाला, "आज रस्सा जिताड्याचा. तू बोलवलास की येतो ना तो?"

"तो खायचा नाय रं. त्याच्या बापाचा हाय."

"बापाचा हाय म्हनं! मासा हाय का जावई? जा, प्रितमच्या आयेच्या पदराखाली बस. आमी दुसरा कोनतरी पुढच्या सीटवर बसवू."

सगळे हसले. कल्पेशच्या तोंडून 'नाय' निघालं नाही. भर दुपारी त्याने करवंटी ठोकली. मासा आला, नेहमीसारखी हनुवटी टेकली. वरून हृतिकने पागाचं जाळं फेकलं.

कल्पेशला पुढची सीट मिळाली. मानाचं डोकंही त्याच्याच ताटात वाढलं. त्याने खाल्लं, बोटं चाटली, 'झकास' म्हणाला. मग गाडीमागे जाऊन सगळं ओकला.

प्रितम परत आला. ठोकत राहिला. दगडावर रुपयाएवढे खवले चिकटलेले दिसले तेव्हा थांबला. भांडला नाही. कल्पेशच्या दारात गेला आणि करवंटी त्याच्या हातात ठेवली. "तुझ्याकडंच ठेव. आमच्याकडं आता कोन यायचा नाय." बस. त्यानंतर त्या दोघांत शब्द नाही.

कल्पेशने हृतिकची गाडी सोडली. खाडीवरच्या कोळ्यांकडून जिताड्याची पिल्लं आणली, प्रितमच्या तळ्यात सोडली. रोज संध्याकाळी निवट्या टाकायचा, करवंटी ठोकायचा. प्रितमची आई, ठमाबाई, मागचं दार उघडायची, बघायची, लावून घ्यायची. पिल्लं काही वर येईनात. ती कशाला येतील? त्यांना हाक कळायलाच वर्षं लागतात.

पण ऐका! गेल्या दिवाळीत, कल्पेश ठोकतोय आणि पाणी हललं. एक जिताडा वर आला, त्या पहिल्याहून हातभर मोठा! दगडावर हनुवटी टेकली. कल्पेश रडतोय, तेवढ्यात मागून खांद्यावर हात पडला. प्रितम! म्हणाला, "कल्प्या, अजून एकदा ठोक रं…"

"खोटं."

सगळ्यांनी मागे बघितलं. डंपरवाल्याने तोंडावरचा रुमाल खाली केला होता. कटिंग तशीच, वर साय धरलेली.

"अरे कल्पेश, तू?" मितेश म्हणाला.

"खोटं हाय, काका. गेल्या दिवाळीला तलाव होता कुठं? दसऱ्यालाच बुजवला. प्रितमच्या चुलत्यांनी विकला, हृतिकने भरावाचं काम घेतलं. मातीची पहिली गाडी मीच वतली."

त्याने कटिंग बाजूला सरकवली.

"प्रितम वर बांधावर हुबा होता, आयेचा हात धरून. माझी पिल्लं आत होती. हृतिक बोलला, वत. आन् तवा पन माझ्या तोंडातून 'नाय' निघालं नाय."