मखमलीवरचा हात

दर रविवारी सकाळी मास्तर आरशासमोर बसून केसांना कलप लावायचे, आणि तेवढा वेळ घरात कोणी त्यांच्या वाटेला जायचं नाही. बायकोनं एकदाच विचारलं होतं, "अहो, आता कोणाला दाखवायचंय?" त्यावर दोन दिवस अबोला! वय चौसष्ट. कोणी विचारलंच तर "पंचावन्नच्या पुढे" एवढंच सांगायचे. तसं ते खोटंही नव्हतं म्हणा.

मंडळी, हसू नका. असा आरसा आपल्यापैकी किती जणांच्या घरात आहे, ते ज्याचं त्यानं बघावं.

मास्तर कपडे शिवायच्या एका मोठ्या दुकानात कापड बेतायचे. शिवणारे आठ जण होते, पण खिडकीजवळच्या लांब टेबलावर कात्री चालायची ती चौतीस वर्षं एकट्या मास्तरांची. वर्षभरापासून मात्र खडूची रेघ त्यांना धुरकट दिसू लागली होती. चष्मा लावला तर म्हातारे दिसू, म्हणून तो घरीच राहायचा. त्यात मालकांनी एक नवी मुलगी बेतायला घेतली. वय सत्तावीस.

ती लांबूनच टेपवरचा आकडा वाचायची. "मास्तर, साडेअठरा आहे, सांगू का लिहायला?"

"कोणी विचारलं तुला?"

जो तो म्हणायचा, काय हात आहे पोरीचा! मास्तरांच्या अंगाचा नुसता तिळपापड. पडलेली टाचणी उचलायला ती पटकन खाली बसायची आणि तितक्याच पटकन उठायची, तेव्हा मास्तरांना तिच्या गुडघ्यांचासुद्धा हेवा वाटायचा.

एका सोमवारी मालक जांभळी मखमल घेऊन आले आणि ती त्यांनी मुलीसमोर ठेवली. "गाणाऱ्या बाई आहेत, शनिवारी कार्यक्रम आहे. त्यांना कोट हवाय. ताग्यातला शेवटचा तुकडा आहे हा, बिघडला तर दुसरा मिळायचा नाही." मग मास्तरांकडे न बघता म्हणाले, "हा नीट झाला, तर टेबल हिच्याकडे. मास्तर, तुम्ही आता गिऱ्हाइकांची मापं घेत जा."

मास्तरांनी मान हलवली. खडू खाली ठेवला आणि टेप उचलली.

मुलीनं आजवर साधी सुटाची कापडंच बेतली होती. कापड कमी पडत होतं, म्हणून तिनं पाठीचा डावा भाग उलटा फिरवून बसवला, खडूनं आखलं आणि आपण होऊन मास्तरांकडे आली. "एकदा बघता का?"

मास्तरांनी मखमलीवरून हात फिरवला. डाव्या पाठीवर तो थांबला. मखमलीला लव असते. एका दिशेनं हात अलगद सरकतो, उलट गेला की अडतो. लवेची दिशा बदलली की त्याच कापडाचा रंग वेगळा दिसतो. हा कोट शिवला असता तर अर्धी पाठ जांभळी आणि अर्धी काळपट दिसली असती, तीही भर कार्यक्रमात!

"ठीक आहे," मास्तर म्हणाले.

कापू दे. मग कळेल मालकांना! त्यांना इतका आनंद झाला की त्यांची त्यांनाच लाज वाटली, पण आनंद काही जाईना.

"मास्तर, जरा इकडे या हो." कोपऱ्यात बटणांची काजं करणाऱ्या मावशींनी हाक मारली. वय एकाहत्तर, डोकं पांढरंशुभ्र, नाकावर जाड भिंगं. "तुमचा हात थांबला मघाशी."

"मग तुम्हीच सांगा तिला."

"मला इथून कापड कुठलं दिसतंय! हात दिसला तुमचा."

मास्तर दबक्या आवाजातच भडकले. "तिला सगळं आहे, मावशी! डोळे आहेत, कंबर आहे, पुढची तीस वर्षं आहेत. जळतो मी तिच्यावर. झालं समाधान?"

"जळा की. मीही जळले तुमच्यावर. मलाही कापायचं होतं, पण बाईच्या हातात कात्री कोण देतंय तेव्हा! तुम्ही आलात आणि टेबल तुमचं झालं. दोन वर्षं तुमच्या कोटांची काजं मुद्दाम उशिरा दिली मी."

मास्तरांनी विचारलं, "मग?"

"मग कंटाळले. जळताना हात थरथरतो हो, काज वाकडं होतं. आता हीच पोरगी मला सकाळी वीस सुया ओवून देते आणि मी तिला काज शिकवते. कमीपणा कसला त्यात? हे केस काही मी चोरी करून पांढरे केलेले नाहीत! वयानं तुमचे डोळे नेले, पण बोटांत काय ठेवून गेलंय बघा. ते तुम्ही दडवून बसणार? मग म्हातारे झालात कशाला?"

तिकडे मुलीनं कात्री उघडली होती.

"थांब!" मास्तर ओरडले. "ठेव ती कात्री खाली!"

सगळी मशिनं थांबली. मास्तर टेबलाशी गेले. "लव उलटी आहे. मला मघाशीच कळलं होतं. मुद्दाम बोललो नाही."

"का, मास्तर?" तिनं कात्री खाली ठेवली.

"तुझा हेवा वाटतो म्हणून."

कोणीच हसलं नाही. मास्तरांनी तिचा हात मखमलीवर ठेवला, आधी खालून वर, मग वरून खाली. "कळलं? आता खालची कॉलर आणि खिशांच्या आतल्या पट्ट्या अस्तराच्या कापडातून काप, म्हणजे मखमल वाचेल आणि पाठ सरळ बसेल. रेघ तूच मार. मला नीट दिसत नाही."

शेवटचं वाक्य चौतीस वर्षांत त्या दुकानात कोणी ऐकलं नव्हतं.

कोट छान झाला. मालकांनी ठरवल्याप्रमाणे टेबल मुलीला दिलं. मास्तरांना दुखलं, नाही कशाला म्हणा! पण कुठलंही अवघड कापड आलं की ती आधी त्यांच्याकडे यायची. एकदा ती म्हणाली, "मास्तर, खरं सांगू? मला तुमचा हेवा वाटतो. मला रेघ दिसते, पण कापड काही कळत नाही. किती वर्षं लागतील?"

"वीस तरी."

"बाप रे! मग म्हातारी होईन की मी!"

"हो," मास्तर म्हणाले आणि मोकळेपणानं हसले. "त्याशिवाय येत नाही ते."

मंडळी, तारुण्याचा हेवा सगळ्यांनाच वाटतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. लाज वाटावी ती माहीत असून गप्प बसण्याची. वय वाढतं ते काही आपल्या परवानगीनं नाही, पण त्यानं दिलेलं पुढच्याच्या हातात ठेवायचं की नाही, हे मात्र आपणच ठरवायचं.