उलट्या दिशेची सीट

शनिवारी सकाळी दहाला आमच्या तळघरात शाळा भरायची. विद्यार्थिनी दोन, माझी नात रोशनी आणि तिची मैत्रीण आश्लेषा. दोघी नऊ वर्षांच्या. मी नागपूरला चौतीस वर्षं गणित शिकवलं. अमेरिकेत ईडन प्रेरीला मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलो, तरी खडू सुटेना. शहाण्णवच्या नोव्हेंबरात धडा एकच होता, समुद्राखालून जाणारी आगगाडी.

माझा मुलगा प्रितम आणि आश्लेषाचे वडील राजेश एकाच ऑफिसात होते. डिसेंबरात दोन्ही घरं मिळून भारतात निघाली होती, मीही त्यांच्याबरोबरच परतणार होतो. वाटेत लंडनला उतरायचं, तिथून त्या वेगवान गाडीने तीन तासांत पॅरिस, आणि पुढे मुंबईचं विमान.

"बोगदा पन्नास किलोमीटरचा. आत वेग ताशी एकशे साठ. किती वेळ लागेल?"

आश्लेषाने वहीत भागाकार केला. "एटीन मिनिट्स. आणि थोडं."

"थोडं म्हणजे किती?"

"पाऊण मिनिट," रोशनी म्हणाली. "आजोबा, ती नेहमी थोडं म्हणून सोडून देते."

"आय डोंट!"

"म्हणजे पाण्याखाली भांडायला तुम्हाला पावणेएकोणीस मिनिटं आहेत," मी म्हणालो. "जपून वापरा."

मी त्यांना आलेखाच्या कागदावर गाडीचा कोच काढून दिला होता. मधे टेबल आणि त्याला चार सीटा. दोन गाडीच्या दिशेने, दोन उलट्या दिशेने. खिडकीपाशी दोघी समोरासमोर, रोशनीच्या शेजारी मी, आश्लेषाच्या शेजारी तिची आई मीनाक्षी. बाकी तिघं मागच्या रांगेत. नावं मुलींनी स्वतः लिहिली होती, रंगीत पेन्सिलींनी. महिनाभर त्या दुसरं काही बोलत नव्हत्या.

त्या गुरुवारी मीनाक्षीचा फोन आला.

"काका, उलटं तोंड करून बसलं की मला मळमळतं. एजंटला सांगून आम्ही तिघं दुसऱ्या कोचमध्ये जावं म्हणतोय."

"मग तुम्ही सरळ बाजूला बसा. मी उलटा बसतो, मला काही होत नाही."

"छे, तुम्हाला कशाला त्रास?"

"त्रास कसला? मुली एकत्र बसतील."

"बघते," म्हणून तिने फोन ठेवला.

मला त्यात वावगं वाटलं नाही. गाडी लागणारी माणसं असतात. गेल्या महिन्यात ती पहिल्यांदा आमच्या घरी आली होती, तेही मी विसरून गेलो होतो. ती पुण्याची, आणि पुण्याच्या माणसाला आमच्याकडच्या आडनावांवरून काही कळत नाही. बैठकीतली बाबासाहेबांची तसबीर बघून ती थांबली आणि म्हणाली, "म्हणजे तुम्ही...?" मी सांगितलं, "हो. छप्पन साली दीक्षाभूमीवर मी स्वतः होतो, बावीस वर्षांचा." ती "अच्छा, छान" म्हणाली. तिचा चहा कपात तसाच राहिला. गरम असेल, असं मी मनाला सांगितलं.

त्यानंतर माझ्या सुनेने, उपासनाने, त्यांच्याकडे दर आठवड्याला काही ना काही पाठवलं. कोथिंबिरीची सांबारवडी, करंज्या, एकदा बेसनाचे लाडू. डबा प्रत्येक वेळी घासूनपुसून परत येई, आणि आत साखर भरलेली असे. रिकामा डबा परत देऊ नये, ही रीत मीनाक्षीने परदेशातही पाळली म्हणून उपासनाला तिचं कौतुक होतं.

या शनिवारीही आश्लेषा डबा घेऊन आली. मी सहज विचारलं, "लाडू आवडले का गं?"

"आय डोंट नो, आजोबा. मी खाल्ले नाहीत."

"का? तुझ्या वाट्याला उरले नाहीत?"

"आई सगळं सिंकमध्ये टाकते ना. खालच्या मशीनमध्ये सगळं दळून जातं. बटण मी दाबते." तिने चक्की फिरल्यासारखा घर्रर्र आवाज काढून दाखवला. "वड्यांचा आवाज जास्त मस्त येतो. लाडू एकदम पटकन जातात."

रोशनीने पेन्सिल खाली ठेवली.

माझ्या हातात डबा होता. झाकण उघडलं तर काठोकाठ साखर. उपासनाने ऑफिसातून आल्यावर ओट्याशी उभं राहून बेसन भाजलं होतं. तिकडे ते सिंकच्या भोकात ढकलायचं, वर नळ सोडायचा, आणि मग त्याच हातांनी मापून साखर भरायची. नुसतं नको म्हटलं असतं तरी समजलो असतो. त्या साखरेची मला किळस आली. मी पायरीवर बसलो. शिव्या मी आयुष्यात पुष्कळ ऐकल्या आहेत. त्यांच्यावर निदान साखर पेरलेली नसे.

"आजोबा, ती आपलं का टाकते?" रोशनीने विचारलं.

विद्यार्थ्याच्या प्रश्नाला मी कधी खोटं उत्तर दिलेलं नाही. पण हे उत्तर आधी आश्लेषाच्या आईवडिलांनी द्यायला हवं होतं.

अकराला राजेश मुलीला न्यायला आला. बुटांवरचा बर्फ झटकून खाली उतरला. मी आलेखाचा कागद टेबलावर पसरला, शेजारी पेन्सिल आणि खोडरबर ठेवलं, आणि डबा उघडाच ठेवला.

"राजेश, सीटा बदलायच्या आहेत असं ऐकलं."

"हो काका, मीनाक्षीला जरा ते उलट्या..."

"मी तिला माझी सीट दिली आहे. तिला मळमळणार नाही. तरीही जायचं असेल तर ही तीन नावं तुम्ही खोडा, आणि का खोडली ते या दोघींना सांगा. लाडू मशीनमध्ये जातात ते आश्लेषाने सांगितलंय. पुढचं तुम्ही सांगा."

त्याने साखरेकडे पाहिलं. मान लाल झाली. त्याला हे माहीत होतं, एवढं मला दिसलं.

"काका, मी मानत नाही हे काही. पण घरात रोज कटकट कोण घेणार, यार..." तो अडखळला. "सॉरी. तुम्हाला यार म्हणालो."

"त्याचं मला काही वाटलं नाही," मी म्हणालो.

"डॅडी, का?" आश्लेषाने विचारलं.

त्याने खोडरबर उचललं, बोटांत फिरवलं, आणि परत ठेवलं. "चल बेटा, कोट घाल. काका, मी विचारून सांगतो."

तो वाईट माणूस नव्हता. पण माझी किळस त्यामुळे कमी झाली नाही, उलट तीत त्याचाही वाटा पडला.

मंगळवारी एजंटचा फॅक्स आला. ते तिघं एक कोच सोडून मागच्या कोचमध्ये गेले होते. प्रितम आमचीही तिकिटं रद्द करायला निघाला. मी म्हटलं, आपण काही केलेलं नाही, आपण ठरल्या जागीच बसायचं. उपासनाने साखर बाहेर बर्फात ओतली आणि डबा तीनदा घासला.

संध्याकाळी मी रोशनीला सगळं सांगितलं, जेवढं नऊ वर्षांच्या मुलीला पेलेल तेवढं. तिने मग आलेखाचा कागद आणला, आपलं नाव खोडलं आणि समोरच्या, आश्लेषाच्या रिकाम्या चौकोनात लिहिलं.

"अगं, ती उलट्या दिशेची सीट आहे," मी म्हणालो.

"माहितेय. पण त्यांचा कोच मागे आहे ना? मग माझं तोंड तिच्याकडे राहील."