नऊ अंशांचा पत्रा

सासऱ्यांना दोन जावई. थोरल्याचं टाइल्सचं दुकान आहे आणि धाकटा हवेचं काम करतो, असं ते चारचौघांत सांगत. त्यात खोटं काही नव्हतं, पण सांगण्याची तऱ्हाच अशी की ऐकणाऱ्याला वाटावं, धाकटा फुगे भरून विकतो. प्रत्यक्षात धाकटा सासऱ्यांच्याच शेडमध्ये बसून वेगवान गाड्यांच्या पोटाखाली लावायचे पत्रे घडवायचा. थोरल्याने त्याला 'हवामान खातं' असं नाव ठेवलं होतं आणि एक बायको सोडली तर घरात सगळे त्याला त्याच नावाने ओळखत.

यंदा थोरल्याचा माल दुकानात मावेना, तेव्हा त्याचा डोळा शेडवर गेला. सासरे वजनमापं तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेले. उभ्या हयातीत त्यांनी न मोजलेल्या कशावरही विश्वास ठेवला नव्हता. माणूस पक्षपाती असता तर धाकट्याने बायकोकडून रदबदली तरी केली असती, पण सासरे न्यायी होते आणि तीच मोठी अडचण होती. त्यांनी निवाडा दिला. थोरल्याकडे लाल स्पोर्ट्स कार आहे. तिला धाकट्याने आपला पत्रा बसवावा. गावाबाहेरच्या ट्रॅकवर गाडी आधी पत्र्याशिवाय पळवायची, मग पत्र्यासकट. स्टॉपवॉच सासऱ्यांच्या हातात. फरक दिसला तर शेड धाकट्याची, नाही दिसला तर तिथे टाइल्स.

गाडी चालवणार कोण, असं धाकट्याच्या बायकोने विचारलं. ज्याची गाडी तो, असं उत्तर आलं. भावजी मुद्दाम हळू चालवतील, म्हणून ती रात्रभर धुसफुसत राहिली. धाकटा मात्र निर्धास्त होता. चार माणसं बघत असताना साडू हळू गाडी चालवेल, हे त्याच्या कल्पनेबाहेरचं होतं.

पुढचे दीड महिने त्याने त्या गाडीखाली काढले. आधी सगळा खालचा भाग सपाट पत्र्याने झाकला, मग मागे वर चढत जाणारा डिफ्यूझर पुठ्ठ्यातच बनवून पाहिला. तत्त्व साधं आहे. गाडीखालून जोरात आलेल्या हवेला मागे हळूहळू पसरायला जागा मिळाली, की पोटाखालचा दाब उतरतो आणि गाडी रस्त्याला धरून राहते. जागा एकदम दिली तर मात्र हवा बिथरते. बायकोच्या स्वेटरची उरलेली लोकर बोटबोटभर कापून त्याने पुठ्ठ्याला चिकटवली, खाली छोटा कॅमेरा लावला आणि मोकळ्या रस्त्यावर गाडी पळवून आणली. चढ बारा अंशांचा होता तेव्हा लोकर पिसाळल्यासारखी नाचत होती. अकराला नाचली, दहाला कडेकडेने नाचली. नऊ अंशांवर सगळे धागे शाळेतल्या प्रार्थनेला उभे राहावेत तसे सरळ झाले. ते चित्रण त्याने सात वेळा पाहिलं आणि बायकोला आठव्यांदा दाखवलं.

त्याच मापाचा खरा पत्रा बसवताना थोरला आडवा आला. बाजारात मिळतात तसा बंपरलाच चार स्क्रूंनी लावा, चासीच्या सांगाड्याला भोकं नकोत, असं त्याचं म्हणणं. धाकट्याने समजावलं की ते नुसते मिरवायचे असतात. हा खरोखर खाली ओढणार, बंपरला टांगला तर बंपर घेऊनच जाईल. शेवटी चासीला चार ब्रॅकेट, आठ बोल्ट. धाकटा भोकं पाडत असताना थोरल्याने असं तोंड केलं, जणू त्याच्याच बरगडीत ड्रिल चाललंय.

ट्रॅकवर सकाळी बरीच मंडळी जमली होती. पत्रा उतरवून पहिली फेरी झाली, एक मिनिट चौतीस सेकंद. मग धाकट्याने पत्रा चढवला. दुसरी फेरी, एक मिनिट एकोणतीस. शेवटच्या डाव्या वळणावर तर थोरला असा घुसला की कुंपणाशी उभ्या लोकांचा श्वास अडकला. गाडीचं बूड तसूभरही हललं नाही. धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण जे पाच वर्षं सांगत होतो ते खरं निघालं, याचा त्याला इतका आनंद झाला की शेडचा त्याला क्षणभर विसरच पडला.

थोरला उतरला तसा लोकांनी त्याला गराडा घातला. काय हात आहे, काय वळण घेतलं! तो आधी नुसताच फुलला, मग त्याला टाइल्स आठवल्या.

"पहिल्या फेरीला अंदाज नव्हता. दुसऱ्या फेरीला हात बसला," तो म्हणाला.

सासऱ्यांनी मान डोलावली. दोन गोष्टी बदलल्या, पत्रा आणि सराव. पाच सेकंद कोणाच्या नावावर टाकायचे? पत्रा काढून पुन्हा एक फेरी मारावी, म्हणजे निकाल लागेल. धाकट्याला मनातल्या मनात कबूल करावं लागलं की पद्धत अगदी बिनचूक होती. तो पाना घेऊन गाडीमागे बसला, पहिला बोल्ट ढिला केला, आणि त्याची नजर डाव्या वळणाकडे गेली.

साडूच्या अंगात आता मघाचा वेग भिनला होता. तो त्याच तोऱ्यात तिथे घुसणार आणि बुडाला धरून ठेवायला खाली काही नसणार. वळणापलीकडे सिमेंटची भिंत होती. धाकट्याने सुचवलं की दुसऱ्या कोणाला चालवू द्या. थोरला म्हणाला, माझी गाडी मीच चालवणार. मग वळणावर जरा हळू घ्या. त्यावर थोरला लोकांकडे बघून हसला, हळूच जायचं तर मोजायचं कशाला? धाकट्याने बोल्ट पुन्हा आवळला आणि उभा राहिला.

"मी पत्रा काढणार नाही, बाबा."

"कारण?"

"काढला तर त्या वळणावर गाडी फिरेल. आत साडूभाऊ असतील."

वजन तराजूत टाकायला नकार देणारे दुकानदार सासऱ्यांनी आयुष्यभर पाहिले होते, आणि प्रत्येकाकडे एक चांगलंसं कारण असायचं. स्टॉपवॉच खिशात टाकून ते म्हणाले, "मग झालं तर, जावईबापू."

घरी आल्यावर कुलूप उघडताना बायको म्हणाली, "ताईचा नवरा आज तुझ्यामुळे धडधाकट घरी गेला, आणि हे तिला कोणी सांगणार नाही." मग ती आत जाऊन रडली.

आठ दिवसांनी शेडमध्ये टाइल्सची खोकी यायला लागली. धाकटा आपली हत्यारं पेटीत भरत होता, तेवढ्यात थोरला लाल गाडी घेऊन आला. हमाल बाहेर जाईपर्यंत तो उगाच खोकी मोजत राहिला.

"जरा खालचे बोल्ट बघता का? ढिले नाहीत ना?" तो हळूच म्हणाला.

धाकट्याचं डोकंच फिरलं. त्याने पाना उचलला. "उपयोग काय त्या पत्र्याचा? काढूनच टाकतो."

"नको नको." थोरला गाडीच्या मागे आडवा उभा राहिला. "आता आमची ही पण चालवते. पोरांना घेऊन जाते."

"म्हणजे तुम्हाला त्या दिवशीच कळलं होतं."

थोरल्याने दाराकडे पाहिलं.

"बाबांना काही बोलू नका," तो म्हणाला.

धाकटा खाली पोतं अंथरून गाडीखाली शिरला आणि एकेक करत आठही बोल्ट त्याने घट्ट आवळले.