लाल दिव्याची तार

मित्रांनो, स्विचर म्हटलं की तुम्ही भिंतीकडे बघाल आणि पंख्याचं बटण शोधाल. तो मी नव्हे. मी व्हिडिओचा जुना स्विचर आहे, कपाटाच्या तळच्या कप्प्यात एका विटक्या शालीत गुंडाळून ठेवलेला. कार्यक्रमाला कॅमेरे तीन असोत की चार, पडद्यावर एका वेळी एकच चित्र दिसतं. ते कोणतं, हे माझ्या बटणांवर ठरत असे. खालच्या ओळीत हिरवा उजेड लागला की ते चित्र तयार आहे. वरच्या ओळीत लाल लागला की ते चित्र आत्ता सगळे बघताहेत. उजव्या अंगाला एक दांडा आहे. तो हळूच ओढला की एक चित्र दुसऱ्यात साखरेसारखं विरघळतं.

कुठल्याशा कारखान्यात, पातळ हातमोजे घातलेल्या बायकांनी मला जुळवलं. त्यांचे चेहरे मात्र मला ठाऊक नाहीत. तेव्हा मला एकही कॅमेरा जोडलेला नव्हता, मग दिसणार कसं?

मला पहिल्यांदा दिसला तो एक तळहात. लहानसा, शाईनं माखलेला, कॅमेऱ्याच्या अगदी तोंडाशी हलणारा. तो होता बारकीचा. बारकी म्हणजे माझ्या मालकांची लेक, आणि मालकांना सगळे म्हणत वायरवाले. प्रार्थनेच्या सभागृहातल्या कार्यक्रमांचं चित्रण त्यांच्याकडे असे.

वायरवाल्यांची जोडणी बघत राहावी अशी. आधी ते टेबल हलवून बघत. डुगडुगलं तर पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवत. मग सगळे कॅमेरे एकाच मापावर, एकाच गतीवर लावून घेत. त्यातला एक जरी वेगळ्या ठेक्यात चालला, तरी मी त्याची चौकट काळी ठेवून रुसून बसत असे. मग भिंतीच्या कडेकडेनं तारा यायच्या, आणि जिथं माणसांचा पाय पडेल तिथं चिकटपट्टी. माझ्या पाठीशी तार फिरून खट्कन बसली की बरं वाटे हो, घरचं माणूस दार लोटून आत यावं तसं.

सगळं जोडून झालं की बारकी एकेका कॅमेऱ्यापुढे धावे आणि हात हलवी. वायरवाले माझ्यापुढच्या पडद्यावर बघून मोठ्यानं म्हणत, "एक आला. दोन आला. तीन आला." कोणती तार कुठं लागली, याची ती खूण.

आणि सर्वांत शेवटी एक बारीक तार. तिच्यातून चित्र येत नसे, आवाज येत नसे. माझं लाल बटण ज्या कॅमेऱ्याचं असेल, त्या कॅमेऱ्यावर एक छोटा लाल दिवा लावायचा, एवढंच तिचं काम. बाकीचे लोक ती जोडायचा कंटाळा करीत. वायरवाल्यांचा भाचा लंबू तर दर वेळी कुरकुरे. "मामा, त्या दिव्यावाचून कुणाचं अडलंय?"

वायरवाले म्हणत, "ज्याच्याकडे बघायचं, त्याला कळायला नको?"

त्या सभागृहात एक बुवा गाऊन प्रवचन सांगत. मित्रांनो, काय त्यांचं सांगणं! बोलता बोलता शब्दाला सूर कधी लागे, कळत नसे. आणि गाता गाता थांबून ते असं काही विचारत की पहिल्या रांगेतले आजोबा हातातली काठी विसरून जात. मी यंत्र खरा, पण त्यांचा सूर चढला की दांडा आपोआप सैल पडल्यासारखा वाटे. बुवा एका जागी मात्र ठरत नसत. या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा चालू.

पहिल्याच दिवशी त्यांनी थट्टेनं विचारलं होतं, "अहो वायरवाले, तुमच्या एवढ्या डोळ्यांतल्या कुठल्या डोळ्याकडे बघू?"

"ज्याच्यावर लाल दिवा लागेल त्याच्याकडे. मी कुठंही उभा असलो तरी तो लागला की समजा, मी बघतोय."

वर्षं गेली. बारकी माझ्यापुढच्या खुर्चीत बसू लागली आणि वायरवाले कॅमेऱ्यामागे उभे राहिले. आता तळहात त्यांचा दिसे. अंगठ्याखाली तारा कथलानं सांधताना भाजल्याची जुनी खूण होती. "एक आला," बारकी म्हणे. ते मान डोलवत आणि पुढच्या कॅमेऱ्याकडे जात.

एके दिवशी तो हात माझ्यापुढे आला आणि थांबल्यावरही हलतच राहिला. मी पाहिलं. बारकीनंही पाहिलं. तरी तिनं "एक आला" म्हटलं.

बुवांच्या चेहऱ्याजवळचा पहिला कॅमेरा इतकी वर्षं वायरवाल्यांचा. तिथं हात थरथरला तर अख्ख्या जगाला दिसणार होतं, आणि तिथून त्यांना उठवलं तर त्यांचं काय उरणार होतं? बारकी खाली मान घालून माझ्यावरची नसलेली धूळ पुसत राहिली.

"बाबा, आज लांबचा घ्या ना तुम्ही. तीन नंबर."

"आणि जवळचा?"

"लंबूला शिकायचंय म्हणे."

वायरवाल्यांनी लंबूकडे पाहिलं. लंबूनं छताकडे पाहिलं. मग वायरवाल्यांनी तो हात खिशात घातला आणि म्हणाले, "बरं."

लांबचा कॅमेरा सभागृहाच्या पार मागच्या दाराशी होता. तिथून सगळं सभागृह एका चित्रात मावे, आणि एवढ्या मोठ्या चित्रात हाताचा कंप दिसत नसे. वेळ थोडा होता. बारकी म्हणाली, तीनला दिव्याची तार राहू दे, एवढ्या लांब कोण बघतंय? वायरवाल्यांनी चिकटपट्टीची गुंडाळी उचलली. गुडघ्यावर बसून त्यांनी ती बारीक तार मागच्या दारापर्यंत स्वतः नेली, पट्टी चिकटवत चिकटवत. मग बुवांच्या अंगरख्याला माइक लावायला गेले. तिथंही बोटं थरथरली. बुवांनी खाली बघितलं, आणि लगेच वर बघून हवापाण्याच्या गप्पा सुरू केल्या.

प्रवचन ऐन रंगात आलं. तेवढ्यात पहिल्या रांगेत कुणीतरी खुर्ची ओढली, तिच्या पायात तार अडकली आणि माझी एक नंबरची चौकट काळी झाली. दोन नंबर पेटीवाल्यावर रोखून ठेवलेला, त्याच्यामागे माणूसच नव्हता. उरला तीन.

बारकी हेडफोनच्या माइकवर हळूच म्हणाली, "बाबा, बुवांचा चेहरा द्या. तुम्हीच आहात आता."

त्यांनी चित्र लांबून जवळ ओढलं. माझ्या हिरव्या चौकटीत बुवा भूकंपात सापडल्यासारखे हलू लागले, कारण लांबून जवळ आणलं की चित्रासोबत हाताचा कंपही मोठा होतो. मग चित्र एकदम स्थिर झालं. वायरवाल्यांनी तिपाईवरची कॅमेऱ्याची मान स्क्रूनं आवळून टाकली होती आणि दोन्ही हात बाजूला घेतले होते. पण आता बुवा दोन पावलं सरकले असते तरी चौकटीतून निघून गेले असते. आणि बुवांचं काय, ते तर निघालेच होते.

बारकीनं डोळे मिटले आणि माझं बटण दाबलं.

त्या बारीक तारेतून मी लाल दिवा लावला. सभागृहाच्या पार टोकाला, एवढासा.

बुवांचं उचललेलं पाऊल तिथंच टेकलं. ते मागच्या दाराकडे बघू लागले. तीच ओळ त्यांनी पुन्हा घेतली, खालच्या सुरात, आणि जागचे हलले नाहीत. मग गाणं थांबवून म्हणाले, "आपल्याकडे कुणी बघत नाही, असं वाटतं ना कधीकधी? बघणारा बघत असतो. दिवा आपल्याला दिसत नाही, एवढंच." आणि पुन्हा गाऊ लागले. शेवटपर्यंत त्यांचा चेहरा माझ्या चौकटीच्या मधोमध राहिला. इतकं सुंदर चित्र मी त्याआधी दिलं नव्हतं.

प्रवचन संपल्यावर वायरवाले माइक काढायला गेले. बुवाच म्हणाले, "आज पाय फार दुखत होते हो. म्हणून उभा राहिलो एका जागी."

त्यानंतर तीन नंबर कायमचा वायरवाल्यांचा झाला.

पुढे माझी बटणं संगणकाच्या पडद्यावर गेली. बोटानं नुसता स्पर्श केला की झालं. मला शालीत गुंडाळलं, आणि कित्येक दिवस मला काहीच दिसलं नाही. अंधाराचं दुःख नाही, मित्रांनो. कुणी "आला" म्हणत नाही, त्याचं वाटतं.

परवा तो संगणक कार्यक्रमाच्या तोंडावर अडून बसला. बारकीनं मला बाहेर काढलं. तिच्या केसांत आता पांढरी बट आहे. बरोबर वायरवालेही होते. हल्ली ते कॅमेऱ्यामागे उभे राहत नाहीत, खुर्चीत बसून बघतात. तिनं टेबल हलवून बघितलं, पुठ्ठ्याची घडी सरकवली, तारा जोडल्या. बारीक तारसुद्धा, तिन्ही कॅमेऱ्यांना. मग वडिलांची खुर्ची माझ्यापुढे ओढली.

"बाबा, तुम्ही बघा. मी हात दाखवते."

"माझी बोटं ऐकत नाहीत गं आता."

"त्याला चालतं."

खरंच चालतं, मित्रांनो. माझ्या बटणाला कापरं बोट कळत नाही. दाबलं एवढंच कळतं, आणि चित्र तर जराही हलत नाही. म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. घरातलं जुनं यंत्र असो की जुनं माणूस, त्याला कपाटात ठेवण्याआधी एकदा जोडून बघा. आणि तुम्ही त्याच्याकडे बघत असाल, तर त्याला ते कळू द्या. त्याला फार काही लागत नाही, एक बारीक तार पुरते.

चौकटीत तळहात आला. आता मोठा, कामानं राठ झालेला, पण शाईचा डाग होताच. वायरवाले पुढे वाकले, बराच वेळ बघत राहिले, आणि सभागृहाच्या त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आला."