प्रुइटची जर्सी

“डोलोरेसबाई, टाके जरा सैलच घाला,” ओडेल प्रुइट दारातूनच म्हणाला. “उद्या उसवायला सोपं जाईल.”

“आधी आत ये. बर्फ घेऊन दारात उभा राहू नकोस,” शिवणयंत्रावरची मान वर न करता डोलोरेस म्हणाली.

टोलेडोच्या ‘फेरीमेन’ या अमेरिकन फुटबॉल संघाच्या स्टेडियमखालच्या तळघरात ती एकतीस वर्षं खेळाडूंच्या जर्सीवर नावं शिवत होती. खेळाडूला काढून टाकलं की तेच नाव उसवतही होती. प्रुइट हा किक मारणारा. सप्टेंबरात त्याच्या तीन किक हुकल्या आणि त्याला घरी पाठवलं. भावाच्या दुकानात तो टायर बदलू लागला. संघ आणखी पाच सामने हरला. मग कसा कोण जाणे, जिंकतच सुटला. आज जिंकला तर एकोणीस वर्षांनी बाद फेरी! आणि नेमकी शुक्रवारी सरावात नव्या किकरची मांडी दुखावली, म्हणून प्रुइटला परत बोलावलं.

“लोक शिव्या घालतील हो मला.”

“घालू देत. माझ्या नवऱ्याला मी रोज घालते. गेलाय का तो घर सोडून?”

प्रुइट खुदकन हसला. तिने टाके दुहेरी घातले.

सामना ती नेहमी खालीच ऐकायची, रेडिओवर, धुलाईयंत्रांच्या घरघरीत. दुसऱ्या सत्रात प्रुइटची किक खांबाला लागून बाहेर गेली. डोक्यावरचं अख्खं स्टेडियम त्याची हुर्यो उडवू लागलं. डोलोरेसने यंत्रंच बंद केली.

शेवटचे चार सेकंद. दोन गुणांची पिछाडी, एक्केचाळीस यार्डांचं अंतर, समोरून वारा. किक पुन्हा प्रुइटकडेच. मग वरच्या जल्लोषाने छताचा चुना तिच्या केसांवर पडला.

“गेली! खांबांच्या मधोमध गेली!” सामान सांभाळणारा गस हॅलोरन तिला गदागदा हलवत ओरडला.

“सोड मेल्या, खांदा निखळेल माझा!” ती रडत-हसत म्हणाली आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदाच सामन्याच्या दिवशी वर मैदानाकडे गेली.

अर्ध्या तासानंतरही कोणी घरी जायला तयार नव्हतं. प्रुइटला खांद्यावर घेऊन पोरं नाचत होती. पहिल्या रांगेत एक म्हातारा हातमोज्याने शेजारच्या रिकाम्या खुर्चीवरचा बर्फ झाडत होता. पडला की पुन्हा झाडत होता.

“इथे कोणी आहे का?” डोलोरेसने विचारलं.

“होती. बायको. अठ्ठेचाळीस वर्षं,” तो म्हणाला. “आज ओरडून ओरडून घसा बसवून घेतला असता तिनं. बसा ना तुम्ही.”

ॲप्रनला चिकटलेले दोरे झटकून डोलोरेस अलगद बसली.