एकतीस फेब्रुवारी

“म्हणजे डिग्रीचं शेवटचं वर्ष तुम्ही दगड-कागद-कात्री खेळून ठरवता?” पोळीचा तुकडा हातातच धरून दिगंबर मोहोळकरने विचारलं.

“नेहमी नाही, बाबा,” क्षिप्रा म्हणाली. “आधी प्रत्येकाने फॉर्मवर चॉइस लिहायचा. एकाच लॅबला जास्त नावं आली तर आपसात बोलायचं. नाहीच जमलं तर मग जान्केन.”

“आणि प्रोफेसर काय करतात? शिट्टी वाजवतात?”

क्षिप्रा हसली नाही. जपानातल्या निशी-कसाईच्या त्या सातव्या मजल्यावरच्या घरात बाबांच्या असल्या बोलण्यावर हसायचं सगळ्यांनी कधीच सोडून दिलं होतं. तिने शांतपणे समजावलं. कॉम्प्युटरच्या चौथ्या वर्षाला वर्ग जवळजवळ नसतातच. वर्षभर एक लॅब, एक सेन्सेई म्हणजे प्रोफेसर, आणि एक प्रबंध. पुढची नोकरीही बऱ्याचदा त्यावरच ठरते. म्हणून तिसऱ्या वर्षाच्या नोव्हेंबरात, हा फॉर्म भरताना, पोरांची झोप उडालेली असते.

“त्यात झोप उडण्यासारखं काय आहे? कुरोदा लॅब लिहायची. एआय. बाकी सगळं भंगार.”

“कुरोदा लॅबला सात जागा आहेत आणि आत्ताच तेवीस जण म्हणतायत.”

“मग जान्केनची प्रॅक्टिस कर,” दिगंबर म्हणाला आणि ताटाकडे वळला. “नयना, भाजीत मीठ टाकायचं राहिलंय की आज उपास आहे?”

दिगंबरला जपानात एकवीस वर्षं झाली होती आणि नाव ठेवायला काही सापडलं नाही असा दिवस त्यात क्वचितच गेला असेल. कचऱ्याच्या बाटल्या धुऊन, त्यांची बुचं वेगळी काढून टाकणारे शेजारी त्याला रिकामटेकडे वाटत. एका शिक्क्यासाठी तीन मजले चढउतार करणारे ऑफिसातले साहेब बिनडोक वाटत. पुण्याहून नव्याने आलेली, स्टेशनजवळच्या दुकानात कढीपत्ता हुंगत उभी राहणारी इंजिनिअर मंडळी तर त्याच्या खिजगणतीतही नव्हती. या सगळ्यांपेक्षा जास्त तुच्छता मात्र त्याने एकाच गोष्टीसाठी राखून ठेवली होती, ती म्हणजे स्वतःचं काम.

एका विमा कंपनीचा चाळीस वर्षांपूर्वीचा प्रोग्राम सांभाळणं हे ते काम. तो लिहिणारे जपानी इंजिनिअर केव्हाच निवृत्त झाले होते, काही वारलेही होते. दिगंबर बाहेरच्या एका कंपनीकडून तिथे बसायचा आणि तो प्रोग्राम बंद पडू द्यायचा नाही. जवळच्या फुनाबोरीतल्या मराठी मंडळींच्या गणपतीत कोणी विचारलं, सध्या काय करता, तर तो म्हणायचा, “म्हातारं जनावर आहे. ते मरू देत नाहीत, मी शेण काढतो.” लोक हसायचे. क्षिप्रा तेव्हा पाच वर्षांची होती, मग दहा, मग पंधरा. तिने हे वाक्य इतक्यांदा ऐकलं होतं की लहानपणी तिला बाबांचं ऑफिस म्हणजे खरोखरच गोठा आहे असं वाटायचं.

पुढच्या रविवारी विद्यापीठाचा महोत्सव होता. त्या दिवशी लॅब सगळ्यांना उघड्या असतात, आई-वडीलही जाऊ शकतात. “बाबा, तुम्ही याल?” असं क्षिप्राने विचारलं तेव्हा दिगंबरला आश्चर्य वाटलं, पण त्याने ते दाखवलं नाही. सूट घालून निघाला. वाटेत तळलेल्या नूडल्स विकणाऱ्या विद्यार्थ्यांना बघून म्हणाला, “फी भरून हे शिकतात.”

कुरोदा लॅबसमोर रांग होती. आत एक यांत्रिक हात लोकांना चॉकलेटं वाटत होता. दिगंबरने मान डोलावली, म्हणजे त्याच्या हिशेबी हे फार मोठं कौतुक होतं. “बघ. याला लॅब म्हणतात.”

“अजून एक बघायचीय,” क्षिप्रा म्हणाली आणि त्याला कॉरिडॉरच्या टोकाला घेऊन गेली.

तिथे रांग नव्हती. एक लांब टेबल, त्यावर प्रिंटआउटचे गठ्ठे, पेंगणारा एक विद्यार्थी आणि कोपरावर विरलेलं स्वेटर घातलेले साठीचे ओनो-सेन्सेई. दारावर हाताने लिहिलेला कागद होता : ‘जुने प्रोग्राम वाचू या.’ दिगंबरने तो वाचला आणि त्याच्या नाकाला सुरकुत्या पडल्या. सुटीच्या दिवशीही गोठ्यातच आणून उभं केलं होतं त्याला.

सेन्सेईंनी वाकून स्वागत केलं. कुठल्याशा बंद पडलेल्या पेन्शन संस्थेचा जुना प्रोग्राम अभ्यासासाठी मिळाला होता, तो त्यांनी दाखवला. गंमत म्हणून एक पानही पुढे केलं. “इथे अडलोय आम्ही. जवळपास तीनशे माणसांची जन्मतारीख एकतीस फेब्रुवारी आहे. टाइप करणाऱ्यांनी चुका केल्यात. पुढच्या आठवड्यात आम्ही त्या काढून टाकणार आहोत.”

दिगंबरने पानाकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. “काढू नका,” तो जपानीत म्हणाला. “चूक नाही ती.”

“म्हणजे?”

“जुन्या काळात काही लोकांना आपला जन्मदिवस ठाऊकच नव्हता. युद्धात दप्तरं जळाली, घरं गेली. रकाना तर रिकामा सोडता येत नाही. मग लिहिणाऱ्यांनी मुद्दाम असा दिवस टाकला, जो कॅलेंडरात नाही. म्हणजे पुढे कोणी तो खरा समजणार नाही. आमच्याकडेही आहेत. पहिल्या वर्षी मी हुशारी केली आणि सगळ्या दुरुस्त केल्या. चारशे म्हाताऱ्यांची पत्रं थांबली. पुन्हा एकेक नाव शोधून ती तारीख परत बसवायला मला तीन आठवडे लागले.” त्याने पान उलटलं. “हे बघा, इथे खाली त्यांच्यासाठी वेगळी वाट काढलीय. हे वळण तुम्हाला फालतू वाटलं असेल.”

पेंगणारा विद्यार्थी उठून जवळ आला. सेन्सेई पानावर वाकले ते बराच वेळ वर बघेनात. मग त्यांनी चष्मा काढला.

“मोहोळकर-सान, आम्ही चार महिने या वळणाला कचरा समजत होतो.” त्यांनी क्षिप्राकडे बघितलं. “तुमची मुलगी आमच्याकडे तीनदा येऊन गेलीय. माझे वडील असं वाचू शकतात, मला ते शिकायचंय, म्हणाली. तुमच्यासारख्यांबरोबर हे सगळं निघून जाणार आहे. तुम्ही कधी येऊन आमच्या मुलांशी बोलाल का?”

क्षिप्रा टेबलाची कड धरून उभी होती. तिचे कान लाल झाले होते. तिने बाबांकडे बघितलं नाही, पण ती त्यांच्या उत्तरासाठी थांबली होती, हे कोणालाही कळलं असतं. दिगंबरलाही कळलं. आतून काहीतरी उमाळ्यासारखं वर आलं, आणि त्याची त्याला इतकी सवय नव्हती की तो चिडला.

“छे, सेन्सेई. यात बोलण्यासारखं काय आहे? ही हमाली. ज्याला दुसरं काही जमत नाही, तो हे करतो. एकवीस वर्षं मी पाट्या टाकल्या, त्या माझ्या पोरीला टाकायला लागू नयेत म्हणून.”

सेन्सेई हसून खोल वाकले. आपलं काम कमी लेखून सांगणं ही त्यांच्याकडची रीतच, तेव्हा त्यांना हा गृहस्थ फारच नम्र वाटला. क्षिप्राला तसलं काही वाटण्याची सोय नव्हती. ती हा सूर जन्मापासून ओळखत होती.

परतीच्या गाडीत दिगंबर बोलतच होता. “चांगला माणूस आहे, पण मढी उकरतोय. त्याच्या लॅबमधून बाहेर पडून तू काय होणार? मी?”

“तुम्हाला खरंच तसं वाटतं, बाबा? म्हणजे, मनापासून?”

“मनापासून,” दिगंबर म्हणाला. “मी ते करतो, मला माहीत नसणार?”

क्षिप्राने मान हलवली. निशी-कसाई येईपर्यंत ती काचेबाहेर बघत राहिली.

फॉर्मचा दिवस आला. दिगंबरने भांडणाची जय्यत तयारी केली होती. पगाराचे आकडे, ओळखीच्यांच्या पोरांची उदाहरणं, सगळं जिभेवर होतं. खरं सांगायचं तर ती भांडेल याची तो वाटच बघत होता. ‘नाही बाबा, तुमचं काम असं नाहीये,’ असं कोणीतरी एकदा तोंडावर ठणकावून सांगायला हवं होतं. एकवीस वर्षं तो आपल्या कामाला शिव्या घालत आला होता, आणि इतक्या वर्षांत एकाही माईच्या लालाने त्याला खोडून काढलं नव्हतं.

“कुरोदा लिहिलं,” क्षिप्राने चपला काढता काढता सांगितलं.

“बरं केलंस,” दिगंबर म्हणाला. त्याच्या सगळ्या तयारीचं मातेरं झालं.

पुढच्या शुक्रवारी सव्वीस जण वर्गात गोल करून उभे राहिले आणि क्षिप्रा जिंकली. घरी येऊन तिने आईला कुठल्या फेरीत कागद आणि कुठल्या फेरीत दगड ते सगळं सांगितलं. नयनाने शिरा केला, देवापुढे वाटी ठेवली. दिगंबर टेबलाशी बसला. त्याच्या मनासारखं झालं होतं, त्यामुळे त्याला नाव ठेवायला काही सापडेना.

“त्या ओनोकडे कोण गेलं मग?” त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं.

“कोणीच नाही. सेन्सेई म्हणाले, चालायचंच. दोन वर्षांनी रिटायर होतायत. ते गठ्ठे जिथून आले होते तिथे परत पाठवणार.”

“अरे.” दिगंबरने चमचा वाटीत फिरवला. “तसं अगदीच काही नाही, असं नाही त्यात. म्हणजे, डोकं लागतं. तू जर...”

“नको ना बाबा, आता असं बोलू,” क्षिप्रा म्हणाली. आवाजात राग नव्हता. उलट तिने त्याच्या दंडावर हात ठेवला, एखाद्या थकलेल्या माणसाची समजूत काढताना ठेवतात तसा. “माझंच चुकलं. मला लहानपणापासून वाटायचं, तुम्ही उगाच म्हणता. लोकांसमोर म्हणता. म्हणून तिथे नेलं तुम्हाला. पण तुम्ही मनापासून म्हणालात. आता कळलं मला.”

ती उठून आपल्या खोलीत गेली. आतून मैत्रिणीशी ती जपानीत बोलत असल्याचा आवाज येऊ लागला, भरभर, खूश.

या जगात त्याच्या कामाला काम मानणारं एकच माणूस होतं. त्याला दिगंबरने स्वतः बसून, मुद्देसूद पटवून दिलं होतं. आणि पोरगी शहाणी होती, तिला पटलं होतं.

“शिरा कसा झालाय?” नयनाने ओट्यापाशी पाठमोरं उभं राहूनच विचारलं. साखर जास्त आहे की रवा कच्चा आहे, एवढंच तिला ऐकायचं होतं.

“छान झालाय,” दिगंबर म्हणाला.

नयनाने गॅस बंद केला आणि वळून त्याच्याकडे बघितलं. तो खाली मान घालून खात होता.

“बरं वाटत नाहीये का तुम्हाला?” तिने विचारलं.