प्रार्थनेचा विषय

माझा धाकटा भाऊ आमच्या चर्चचा पाळक, म्हणून चारचौघांत मी त्याला पाळकसाहेब म्हणते. राग आला की मात्र तो बाळ्या होतो, आणि त्या दिवशी तो परमुलखात, अख्ख्या मंडळीसमोर बाळ्या झाला.

आमची मंडळी सेवेसाठी परदेशी गेली होती. सकाळी सेवा, दुपारी सहल, असा बेत. सेवा होती एका वृद्धाश्रमात. लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना खाटा, फिनेलचा वास, आणि खिडक्या इतक्या उंच की पडल्या पडल्या आभाळाखेरीज काही दिसू नये. आम्ही गीतं म्हटली, कुणाचे केस विंचरले, कुणाची नखं कापली. तिथली परिचारिका आपल्याकडचीच, लग्न होऊन तिकडे गेलेली. तीच आमची दुभाषी.

आमची एक पद्धत आहे. एकेका खाटेपाशी जायचं, "तुमचा प्रार्थनेचा विषय काय?" असं विचारायचं आणि त्यासाठी प्रार्थना करायची. कुणी गुडघे सांगितले, कुणी रुसून बसलेला मुलगा सांगितला. शेवटच्या खाटेवर एक नावाडी आजोबा होते. जन्मभर त्यांनी गावाबाहेरच्या मोठ्या तळ्यावर होडी चालवली, पण पडून कंबर मोडली तेव्हापासून पाणी दृष्टीला पडलं नव्हतं. परिचारिका माझ्या कानाशी लागून म्हणाली, "मावशी, हे आता थोड्या दिवसांचे सोबती. डॉक्टरांनीच सांगितलंय."

आजोबांचा विषय एवढाच होता. एकदा तळं बघायचं.

भावानं त्यांचा हात हातात घेतला, आम्ही सगळ्यांनी डोळे मिटले. आणि काय प्रार्थना केली म्हणून सांगू! "हे प्रभू, तुझ्या या लेकराला त्या पाण्याकाठी ने. त्याची वाट मोकळी कर. त्याला न्यायला तुझी माणसं पाठव." परिचारिका वाक्यागणिक आजोबांना समजावत होती. माझ्या डोळ्यांना धार लागली. सगळे मोठ्यानं आमेन म्हणालो, आजोबाही म्हणाले.

मग आम्ही अंगणात डबे खाल्ले आणि बसमध्ये चढलो. सहल कुठे होती? त्याच तळ्यावर. त्या गावात बघण्यासारखं दुसरं होतं काय! मागच्या सीटा रिकाम्याच होत्या, तिथे आमच्या पिशव्या ऐसपैस बसल्या होत्या.

बस फाटकाकडे वळली तेव्हा आजोबा व्हरांड्यात व्हीलचेअरवर दिसले. डोक्याला टोपी, गळ्यात मफलर. त्यांनी हात वर केला. "बघा, टाटा करतायत!" कुणीतरी म्हणालं, आणि आम्ही खिडक्यांतून हात हलवले. मीसुद्धा, तोंडभर हसून.

तळं सुरेख होतं, खोटं कशाला बोलू! लांबवर नुसतं पाणी, लाकडी धक्का, त्याला बांधलेल्या होड्या. मंडळींचे फोटो काढणं सुरू झालं. भाऊ म्हणाला, "ताई, आजोबांसाठी एक फोटो पाठवू या. तेवढंच बरं वाटेल बिचाऱ्यांना."

फोटो म्हटल्याबरोबर माझ्या डोळ्यांसमोर आजोबांचे पाय आले. त्या खोलीत सगळ्यांच्या पायांत नुसते मोजे होते. व्हरांड्यातल्या आजोबांच्या पायांत नाड्या बांधलेले बूट होते.

"बाळ्या," मी ओरडले, "ते टाटा करत नव्हते रे! बस थांबवत होते!"

त्यानं फोन खाली घेतला.

"प्रभू, तुझी माणसं पाठव म्हणालास ना? मग आपण कोण आहोत, मेल्या? पिशव्यांना जागा मिळाली आणि त्या माणसाला नाही! आणि मी, मी हात हलवला त्यांना!" मला रडूच फुटलं.

एरवी कुणाला बोलू न देणारा हा माणूस तडक ड्रायव्हरकडे धावत सुटला.

आश्रमात परतलो तर व्हरांडा रिकामा. परिचारिका दारातच भेटली. "आमेन झाल्याबरोबर त्यांनी कपडे मागितले हो. बस मला न्यायलाच आलीय म्हणाले. मला वाटलं तुमचं ठरलं असेल. मी औषधं द्यायला आत गेले, बाहेर येते तो बस गेलेली. तेव्हापासून घास घेतला नाही, की बूट काढू दिले नाहीत."

आजोबा भिंतीकडे तोंड करून पडले होते, बुटांसकट. भावानं वाकून त्यांना लहान लेकरासारखं उचललं. पिशव्या आम्ही मांडीवर घेतल्या, परिचारिका व्हीलचेअर घेऊन सोबत आली.

तळ्यावर पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. खुर्ची धक्क्याच्या टोकाशी नेली. आजोबांची मान थरथरत होती, त्यांना धाप लागली होती, पण नजर पाण्यावरून हलत नव्हती. भावाला राहवेना. त्यानं परिचारिकेला हळूच म्हटलं, "विचारा ना, प्रार्थना करू का?"

आजोबांनी मान न वळवताच काहीतरी उत्तर दिलं. परिचारिका घुटमळली.

"ते म्हणतायत, त्यात डोळे मिटावे लागतात ना? मग आत्ता नको."

भाऊ खुर्चीशेजारी उकिडवा बसला. आम्ही बाकीचे मागे उभे राहिलो आणि अंधारून पाणी दिसेनासं होईपर्यंत त्यांच्याबरोबर तळं बघत राहिलो.